चार बोटांची फट : स्प्रिंग, शॉकॲब्सॉर्बर आणि खाली उतरवलेली गाडी (धागा)

१.
उभ्या गाडीचे चाक आणि त्यावरचे मडगार्ड यांच्यामध्ये साधारणपणे चार बोटे मावतील एवढी फट असते. स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या पुष्कळ तरुणांच्या डोळ्यांना ही फट खुपते. मग आखूड स्प्रिंगा आणल्या जातात, गाडी खाली उतरते आणि छायाचित्रात फार देखणी दिसते. पण ही फट निष्काळजीपणाने राहिलेली नसते. तिच्यामागे साडेतीनशे वर्षांचा विचार आहे. तो विचार एका तरुणाला कसा शिकावा लागला, त्याची ही हकीकत.

२.
हा तरुण मूळचा पुण्याचा. नोकरीनिमित्त अमेरिकेत, डेट्रॉइटच्या उपनगरात स्थायिक झालेला. त्याने नव्वदच्या दशकातली एक जुनी माझदा मियाटा विकत घेतली : दोन आसनांची, उघड्या टपाची, मागच्या चाकांना ताकद देणारी छोटी गाडी. हौसेची गाडी आणि रोजची गाडी अशा दोन गाड्या ठेवण्याची ऐपत नव्हती. कचेरीला जाणे, भाजी आणणे, सगळे तिच्यावरच. पहिल्या उन्हाळ्यातच त्याने एका स्वस्त संचातल्या आखूड स्प्रिंगा बसवल्या. गाडी ४५ मिलिमीटर खाली आली. शॉकॲब्सॉर्बर मात्र जुनेच राहिले.

३.
त्याच वर्षी वडील भेटीस आले. त्यांची सारी हयात एसटीच्या दापोडी येथील कार्यशाळेत, बसगाड्यांच्या पाट्यांच्या सान्निध्यात गेलेली. एके संध्याकाळी पावसात दोघे घरी परतत होते. महामार्गावरून उतरणाऱ्या वळणदार रस्त्यावर, काँक्रीटच्या दोन तुकड्यांमधल्या सांध्यावर मागचे चाक आदळले. एक कोरडा ठोका ऐकू आला आणि गाडीचा मागचा भाग बाहेर सरकला. तरुणाने स्टिअरिंग उलटे फिरवून ती सावरली. शेजारच्या मार्गिकेत त्या क्षणी दुसरे वाहन नव्हते. वडिलांचा हात डॅशबोर्डवर घट्ट रोवलेला होता. घर येईपर्यंत कोणी काही बोलले नाही.

४.
दुसऱ्या दिवशी वडील गॅरेजमध्ये उकिडवे बसले आणि त्यांनी मागच्या चाकाच्या आत हात घातला. शॉकॲब्सॉर्बरच्या दांड्यावर एक मऊ रबरासारखा ठोकळा असतो. स्प्रिंग पुरती दबली तर लोखंडावर लोखंड आदळू नये, म्हणून तो बसवलेला असतो. तो ठोकळा चेपून, घासून चकचकीत झाला होता. वडील म्हणाले, ‘‘अरे, ही गाडी स्प्रिंगवर चालत नाहीये. रबरावर चालतीये.’’ या एका वाक्याचा अर्थ पूर्णपणे समजायला तरुणाला पुढचे कित्येक आठवडे लागले. त्यासाठी त्याला सतराव्या शतकापर्यंत मागे जावे लागले.

५.
१६७६ साली लंडनमध्ये रॉबर्ट हूक याने आपला एक शोध अक्षरांची उलटापालट करून, कोड्याच्या रूपात छापला. शोधाचे श्रेय आपल्याकडे राहावे, पण तो एवढ्यात कोणाला कळू नये, अशी त्या काळच्या विद्वानांची ही एक रीत होती. १६७८ साली त्याने कोडे उलगडले : स्प्रिंग जेवढी ताणावी वा दाबावी, तेवढ्याच प्रमाणात तिचा प्रतिकार वाढतो. दुप्पट दाबली तर दुप्पट जोर. आज शाळेच्या पुस्तकात हूकचा नियम म्हणून येतो तो हाच. स्प्रिंगचा कडकपणा आजही याच भाषेत मोजतात : एक मिलिमीटर दाबण्यास किती न्यूटन बल लागते?

६.
या नियमातली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. दबलेली स्प्रिंग घेतलेली ऊर्जा गिळून टाकत नाही, ती परत करते. खड्ड्यातून वर उचलली गेलेली गाडी खाली येते, मूळ पातळी ओलांडून आणखी खाली जाते, पुन्हा वर येते. स्प्रिंग गाडीला धक्क्यापासून वाचवते. पण धक्का संपवत नाही, त्याचे झोके करते. झोके थांबवण्याचे काम दुसऱ्या कोणीतरी करावे लागते. वाहनांच्या इतिहासात हा ‘दुसरा कोणीतरी’ बराच काळ अदृश्य राहिला, कारण तो स्प्रिंगच्या आतच लपलेला होता.

७.
एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या ओबाडाया इलियट याने घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार पाट्यांची स्प्रिंग प्रचारात आणली. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, दोन्ही टोकांना जोडलेल्या. गाडीचा सांगाडा त्यामुळे हलका करता आला आणि प्रवास सुसह्य झाला. पट्टीवर पट्टी सरकली की घर्षण होते, आणि त्या घर्षणात झोक्याची ऊर्जा उष्णता होऊन विरते. पुत्राशी बोलताना वडिलांनी हेच आपल्या भाषेत सांगितले : ‘‘पाट्याला पाटा घासतो, म्हणून बस लवकर गप्प होते. तुझ्या गोल स्प्रिंगला घासायला कोण आहे?’’

८.
घोड्याच्या चालीला पाट्यांचे घर्षण पुरले. मोटारीच्या वेगाला ते पुरेना. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर फ्रान्समध्ये ट्रुफो याने घर्षणाचे वेगळे साधन तयार केले : एकमेकांवर दाबलेल्या चकत्या, आणि चाक हलले की त्यांना फिरवणारे दोन दांडे. एडवर्ड हार्टफर्ड याने ते अमेरिकेत नेले आणि दोघांच्या जोडनावाने ते विकले जाऊ लागले. मधला नट आवळला की घर्षण वाढे. खाली उतरवलेल्या गाडीचा मालक आज शॉकॲब्सॉर्बरची जी कळ फिरवतो, तिची पूर्वज म्हणजे हा नट.

९.
पण कोरड्या घर्षणात एक खोट आहे. स्थिर वस्तू सरकवण्यास लागणारे बल सर्वांत मोठे असते. एकदा ती सरकली की विरोध कमी होतो आणि वेग वाढला तरी तो फारसा वाढत नाही. परिणाम उलटाच : बारीक खडबडीत रस्त्यावर चकत्या हलतच नाहीत आणि गाडी ताठ राहते, मोठ्या खड्ड्यात मात्र त्या भराभर फिरतात आणि गाडी डोलते. जिथे मऊपणा हवा तिथे कडकपणा, आणि जिथे धाक हवा तिथे सूट.

१०.
हा पेच तेलाने सोडवला. मोरीस हुदाय या फ्रेंच संशोधकाच्या साधनात पाते तेलातून फिरत असे आणि तेलाला बारीक वाटांमधून जावे लागे. तेलाचा गुण असा की सावकाश ढकलले तर ते वाट देते, घाईने ढकलले तर अडवते. विरोध वेगाबरोबर वाढतो, आणि नेमके तेच हवे होते. १९२७ साली आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल ए’ या सर्वसामान्यांच्या मोटारीवर हुदाय पद्धतीची तेलाची साधने बसली. आजच्या दुर्बिणीसारख्या आत-बाहेर सरकणाऱ्या शॉकॲब्सॉर्बरमध्येही तत्त्व तेच : दट्ट्या, तेल आणि झडपा.

११.
‘शॉकॲब्सॉर्बर’ हे नाव त्यामुळे थोडे फसवे आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग. शॉकॲब्सॉर्बर झोके शमवतो. भौतिकशास्त्रात या शमनाला अवमंदन म्हणतात आणि ते एका गुणोत्तराने मोजतात. गुणोत्तर १ असेल तर गाडी एकही झोका न घेता मूळ जागी येऊन थांबते. ०.३ असेल तर ती मूळ पातळी सुमारे ३७ टक्क्यांनी ओलांडते. ०.५ असेल तर सुमारे १६ टक्क्यांनी. पहिला आकडा आरामाच्या गाडीला शोभतो, दुसरा चपळ गाडीला. आणि मुख्य गोष्ट ही, की हे गुणोत्तर एकट्या शॉकॲब्सॉर्बरचे नसते. तो, त्याची स्प्रिंग आणि गाडीचे वजन, या तिघांचे मिळून ते ठरते.

१२.
पुढचा टप्पा ज्या शहरात घडला, तेथेच हा तरुण राहत होता. रोल्स-रॉइसमध्ये काम केलेला मोरिस ऑली हा ब्रिटिश अभियंता १९३० साली डेट्रॉइटला, जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात आला. त्या काळी बहुतेक मोटारींच्या पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा कडक असत. तशी रीतच होती आणि तिच्यामागचे कारण सहसा कोणी विचारीत नसे. ऑलीने एक मोठी कॅडिलॅक घेतली आणि तिच्यावर पुढे-मागे सरकवता येतील अशी वजने बसवली. स्प्रिंगा बदलायच्या, वजने हलवायची आणि गाडीत बसून फिरायचे.

१३.
प्रवाशाला सुख कशाने होते, हे सांगणारे यंत्र त्या वेळी कोणाकडे नव्हते. बसणाऱ्याची पाठ आणि मान यांचीच साक्ष काढावी लागली. त्या प्रयोगांतून आलेला निष्कर्ष प्रचलित रीतीच्या विरुद्ध होता : पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ हव्यात. वजनाखाली पुढची बाजू मागच्या बाजूपेक्षा सुमारे ३० टक्के अधिक दबावी, असे ऑलीचे सूत्र सांगते.

१४.
कारण सोपे आहे. खड्डा आधी पुढच्या चाकाला भेटतो, मग मागच्या. मियाटाच्या दोन आसांमध्ये २.२६५ मीटर अंतर आहे. ताशी ९० किलोमीटर वेगाने मागचे चाक सुमारे ०.०९ सेकंद उशिरा त्या खड्ड्यात पोहोचते. दोन्ही बाजू सारख्याच तालात डोलल्या तर हा उशीर तसाच टिकतो आणि गाडी घोड्यासारखी पुढे-मागे खुडकते. मागची बाजू किंचित जलद डोलणारी असेल तर ती एक-दोन झोक्यांत पुढचीला गाठते. मग सगळी गाडी एकाच वेळी वर-खाली होते, आणि असे समतल डोलणे माणसाला कमी त्रास देते.

१५.
डोलण्याच्या या तालाला वारंवारता म्हणतात. स्प्रिंगची निवड खरे तर इथूनच सुरू होते. सेकंदाला एक झोका म्हणजे १ हर्ट्झ : मऊ, प्रशस्त गाडीची चाल. चालत्या माणसाचे पाऊल सेकंदाला एक ते दोन वेळा पडते, त्यामुळे या टापूतले डोलणे शरीराच्या ओळखीचे असते. ४ ते ८ हर्ट्झची उभी कंपने मात्र माणसाला सर्वाधिक जाणवतात, कारण धड आणि पोटातील अवयव त्या तालात हलू लागतात. गाडी रबरी ठोकळ्यावर टेकली की कडकपणा एकदम अनेक पटींनी वाढतो आणि ताल चढू लागतो. वडिलांच्या कमरेने त्या संध्याकाळी नेमके हेच टिपले होते.

१६.
१९३४च्या हंगामात जनरल मोटर्सच्या गाड्यांना पुढची चाके स्वतंत्रपणे हलणारी रचना मिळाली. कॅडिलॅक आणि ब्यूकसारख्या गाड्यांत पुढे पाट्यांच्या जागी वेटोळ्याची मऊ स्प्रिंग आली. वेटोळ्यात घासायला काही नाही. जे काम पाट्यांचे घर्षण इतकी वर्षे गुपचूप करीत होते, ते आता एकट्या तेलाच्या शॉकॲब्सॉर्बरवर येऊन पडले. तेव्हापासून स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर ही निवड दोन वस्तूंची राहिली नाही, एका जोडीची झाली.

१७.
‘स्पोर्ट्स कार म्हणजे दगडासारखी कडक’ ही समजूतही इतिहासाला धरून नाही. इंग्लंडच्या लोटस कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन याच्या गाड्या मऊ स्प्रिंगा आणि नेटके शमन यांसाठी नावाजल्या गेल्या. १९६२ साली आलेली त्याची ‘एलान’ ७०० किलोंपेक्षा हलकी होती. चाकांना वर-खाली जाण्यास भरपूर मोकळीक होती. म्हणून खराब रस्त्यावरही टायर जमिनीला धरून राहत. आणि वळणावर पकड असते ती टायर जमिनीवर असेपर्यंतच.

१८.
पुढे जपानमध्ये माझदाच्या अभियंत्यांनी हलक्या, उघड्या गाडीची कल्पना पुन्हा हाती घेतली, तेव्हा एलान हा त्यांच्यासमोरचा एक मोठा आदर्श होता. तोशिहिको हिराई यांच्या नेतृत्वाखाली घडलेली मियाटा फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात जगासमोर आली. चारही चाकांना दुहेरी विशबोनची रचना होती. तिच्यामागचे घोषवाक्य होते ‘जिन्बा इत्ताई’, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. तरुणाने आखूड स्प्रिंगा बसवून त्या घोड्याचे पायच बांधले होते.

१९.
आता हिशेब. वडिलांच्या सांगण्यावरून तरुणाने आधी मूळ स्प्रिंगा परत बसवल्या आणि शॉकॲब्सॉर्बरच्या दांड्यावर प्लॅस्टिकचा एक केबल टाय आवळला. स्प्रिंग दबली की टाय वर सरकतो आणि तिथेच राहतो. जास्तीत जास्त किती दबली, याची खूण मिळते. दांड्याची हालचाल चाकाच्या हिशेबात बदलून पाहता, मूळ उंचीवर ठोकळ्याला टेकेपर्यंत चाकाला सुमारे ७५ मिलिमीटर मोकळीक होती. गाडी खाली उतरवणे म्हणजे ही मोकळीक आगाऊ खर्च करणे. ४५ मिलिमीटर उतरवल्यावर हाती राहिले होते ३०.

२०.
एकाच जोराचा आदळ झेलायचा तर स्प्रिंगला तेवढीच ऊर्जा साठवावी लागते. ती ऊर्जा स्प्रिंगचा कडकपणा आणि दबण्याच्या अंतराचा वर्ग, यांच्या गुणाकारावर ठरते. अंतर घटले की कडकपणा वर्गाच्या पटीत वाढवावा लागतो. ७५चे ३० झाले, म्हणजे अंतर अडीच पट घटले. कडकपणा सव्वासहा पट हवा. त्या स्वस्त संचाच्या खोक्यावर लिहिले होते : मूळपेक्षा ३० टक्के कडक. सव्वासहा पट आणि सव्वा-दीड पट यांच्यातली सारी तफावत तो बिचारा ठोकळा भरून काढत होता. भर वळणावर तो एकाएकी टेकला, मागच्या टायरवरचा भार क्षणात उसळला, आणि ओल्या रस्त्यावर पकड सुटली.

२१.
मग रोजच्या गाडीने किती उतरावे? १५ मिलिमीटर उतरवले तर ६० उरतात आणि कडकपणा सुमारे १.५६ पट लागतो. २० उतरवले तर १.८६ पट, ३० उतरवले तर २.७८ पट. वारंवारता कडकपणाच्या वर्गमुळाने वाढते. म्हणून मूळ चाल १.३ हर्ट्झ धरली तर तीन पर्यायांना अनुक्रमे १.६, १.८ आणि २.२ हर्ट्झ येतात. तिसरा पर्याय गुळगुळीत शर्यतमार्गाचा. मिशिगनमध्ये हिवाळ्यात भेगांतले पाणी गोठून फुगते आणि वसंतात रस्त्यांना खड्डे पडतात. तरुणाने १५ मिलिमीटरवर बोट ठेवले. चार बोटांच्या फटीतले एक बोटही पुरते कमी होणार नव्हते.

२२.
आता स्प्रिंगचा आकडा. पुढच्या एका चाकावर स्प्रिंगने तोलायचे वजन सुमारे २२० किलो धरले, तर १.६ हर्ट्झसाठी चाकापाशी मिलिमीटरला २२ न्यूटन कडकपणा लागतो. पण स्प्रिंग चाकावर नसते, आत विशबोनवर असते. चाक १० मिलिमीटर हलले की ती सुमारे ७ मिलिमीटर हलते. हे ०.७चे गुणोत्तर दोनदा लागू होते : एकदा अंतराला, एकदा बलाला. म्हणून २२ला ०.४९ने भागायचे, उत्तर सुमारे ४५. हा वर्ग न करता स्प्रिंग मागवणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. दुसरी चूक म्हणजे उंची बदलणारी चकती फिरवल्याने स्प्रिंग कडक होते असे मानणे. साध्या, एकसारख्या वेटोळ्यांच्या स्प्रिंगची त्याने केवळ उंची बदलते.

२३.
मागच्या बाजूला तरुणाने ऑलीचे ऐकले आणि १.८ हर्ट्झ निवडले. पुढची बाजू वजनाखाली ९.७ सेंटिमीटर, मागची ७.७ सेंटिमीटर, फरक सुमारे २७ टक्के, सूत्राच्या जवळपास. मात्र मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीची मागची बाजू कडक केली की वळणावर ती बाहेर सरकण्यास अधिक राजी होते. त्यावर उपाय म्हणून पुढचा अँटी-रोल बार थोडा जाड घेतला. तो वळणावरचे झुकणे अडवतो; दोन्ही चाके एकदम उचलणाऱ्या उंचवट्यावर मात्र तो मध्ये येत नाही.

२४.
राहिले शॉकॲब्सॉर्बर. जुने नवेकोरे असते, तरी पुरले नसते. स्प्रिंग १.५६ पट कडक झाली की तेच तेल, त्याच झडपा यांनी मिळणारे गुणोत्तर ०.३वरून ०.२४वर उतरते आणि पातळी ओलांडणे ३७ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर जाते. कडक स्प्रिंग आणि थकलेला शॉकॲब्सॉर्बर ही जोडी मूळ गाडीपेक्षाही वाईट, ती याच कारणाने. वडील कार्यशाळेत ‘शॉकअप’ म्हणत. त्यांचा निवाडा असा : ‘‘शॉकअप हे जुन्या स्प्रिंगचे सोबती. नवी स्प्रिंग आणलीस, तर सोबतीही नवा आण.’’

२५.
बाजारात दोन घराणी. एक दुहेरी नळीचे : आत दट्ट्याची नळी, बाहेर जादा तेलाची. नेदरलँड्सची कोनी कंपनी १८५७ साली घोड्यांचा साज बनवत सुरू झाली आणि पुढे कमीजास्त करता येणाऱ्या शॉकॲब्सॉर्बरसाठी नावाजली. दुसरे घराणे एकेरी नळीचे : फ्रेंच संशोधक द कार्बाँ यांच्या कल्पनेवर जर्मनीच्या बिल्श्टाइनने १९५७ साली मर्सिडीजसाठी ते उत्पादनात आणले. त्यात तरंगता दट्ट्या तेल आणि दाबाखालचा वायू वेगळे ठेवतो, म्हणून तापलेल्या तेलाला फेस येत नाही. पण वायूच्या कप्प्याला नळीतली लांबी द्यावी लागते. ज्याच्याकडे मोकळीक आधीच कमी आहे, त्याने हे विसरू नये. तरुणाने दुहेरी नळीचे, कळ असलेले निवडले.

२६.
कळ बहुधा उसळी आवरण्याचे काम करते, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उलगडताना तिला किती अडवायचे ते ठरवते. ती पुरती आवळली की गाडी पहिल्या वळणावर फार तत्पर भासते. म्हणून हौशी मंडळी ती पुरती आवळतात. पण लागोपाठच्या खड्ड्यांत स्प्रिंग उलगडण्याआधीच पुढचा धक्का येतो, गाडी पायरी-पायरीने खाली बसत जाते आणि शेवटी पुन्हा त्या ठोकळ्यावर टेकते. पैसे मोजून परत तिथेच. तरुणाने कळ मोकळ्या टोकाशी ठेवून सुरुवात केली. दर खेपेस पाव फेरा आवळायचा, आणि उंचवट्यानंतर गाडी एका झोक्यात शांत झाली की तिथे थांबायचे.

२७.
बसवणी वडिलांच्या देखरेखीखाली झाली. ठोकळे नवे घातले. कापून आखूड केले नाहीत. गाडी उचलल्यावर, चाके लोंबती असताना स्प्रिंग आपल्या बैठकीत घट्ट राहते, हे हाताने हलवून पाहिले. विशबोनचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच आवळले. लोंबत्या चाकांनी आवळले असते तर आतले रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटले असते. उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात, म्हणून शेवटी अलाइनमेंट करून घेतली. एवढे सगळे झाल्यावर तरुण चार पावले मागे गेला आणि गाडीकडे पाहत राहिला. फट अजून होती. वडील हसले, काही बोलले नाहीत.

२८.
परतीच्या विमानाच्या दिवशी वडिलांचे सामान दुसऱ्याच्या मोठ्या गाडीतून पुढे गेले आणि ते मुलाबरोबर मियाटात बसले. वाटेत तोच उतार, तेच वळण, तोच सांधा. तरुणाचे हात स्टिअरिंगवर नकळत आवळले. मागचे चाक सांध्यावरून गेले, गाडी एकदा दबली, एकदा उठली आणि शांत झाली. त्याने शेजारी पाहिले. वडिलांना डुलकी लागली होती. हात मांडीवर होते.

२९.
विमानतळावरून घरी आल्यावर तरुणाने गाडीखाली दिवा धरला. मागच्या दांड्यावरचा केबल टाय ठोकळ्यापासून आठ मिलिमीटर अलीकडे थांबला होता.

(धागा समाप्त)